प्रश्न परक्यांचे, कान मुलांचे

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन परदेशातून आजी-आजोबांकडे येणाऱ्यांमध्ये आई सांगलीची आणि बाबा घानाचे, बाबा डोंबिवलीचे आणि आई कोरियाची, अशीही कुटुंबं असतात. मुलांच्या चेहऱ्यावर दोन्हीकडचं थोडं थोडं उतरलेलं असतं. टोरांटोत किंवा लंडनमध्ये त्यांच्या वर्गात अशी आणखी मुलं असतात, त्यामुळे तिथे कोणी वळून बघत नाही. इथे स्वारगेटच्या फलाटावर उभं राहिलं की अख्खा फलाट बघतो आणि मग प्रश्न सुरू होतात. "कुठले?" "मुलगी तुमचीच का?" "हिला मराठी येतं?" "एक फोटो काढू?" हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे, आणि त्यांना सुट्टीत घरी बोलावणाऱ्या आजी-आजोबा, मामा-मावश्यांसाठीही.

सगळ्या सूचनांच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीच्या तिच्यातूनच निघतात. अनोळखी माणसाला आपण दिलेलं उत्तर तो पुढच्या स्टॉपपर्यंत विसरून जातो. शेजारी उभं असलेलं आपलं मूल मात्र ते विसरत नाही. त्याला मराठी कळत नसलं तरी आपला आवाज कळतो, आपण कानकोंडे झालो तेही कळतं. "मुलगी तुमचीच का?" यावर आई ओशाळं हसून दुसरीकडे बघू लागली, तर आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे असं त्या मुलीला वाटतं. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून साध्या आवाजात "हो, ही माझी थोरली" म्हटलं, तर तोच प्रश्न तिच्या दृष्टीने किरकोळ होतो. तेव्हा उत्तर परक्याला द्यायचं, पण मुलाला ऐकू जाईल असं, त्याच्यासाठीच द्यायचं.

लोक बघतातच. आपल्याकडे टक लावून बघणं उद्धटपणाचं मानत नाहीत. गावात नवा ट्रॅक्टर आला तरी माणसं दारात येऊन उभी राहतात. मुलांना हे विमानात बसण्याआधीच सांगून ठेवा. लोक बराच वेळ बघतील, हसणार नाहीत, नजरही वळवणार नाहीत, आणि तरी त्यातल्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नसेल. हे आधी कळलं असलं की मुलं बिचकत नाहीत. कित्येकदा तीच हात हलवून "नमस्कार" म्हणतात आणि समोरचे काका लाजून हसतात.

पण सगळ्यांच्या वाट्याला येणारं बघणं सारखं नसतं, हे मोठ्यांनी स्वतःशी मान्य केलेलं बरं. गोऱ्या जोडीदाराला हॉटेलात खिडकीजवळचं टेबल मिळतं, देवळाच्या रांगेत कोणीतरी "साहेब, इकडून या" म्हणतं. काळ्या जोडीदाराच्या पाठीमागे कुजबुज होते, एखादं टोपणनाव कानावर येतं, रिक्षावाला मान हलवून पुढे निघून जातो. पूर्व आशियाई चेहऱ्याच्या माणसाला जी हाक ऐकावी लागते, तीच आपल्या ईशान्य भारतातल्या मुलामुलींनाही पुण्या-मुंबईत ऐकावी लागते. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा वर्ध्यात जन्मली. तिची आई चिनी वंशाची. चेहऱ्यावरून होणाऱ्या शेरेबाजीबद्दल ती जाहीरपणे बोलली आहे. वर्ध्यात जन्मून आणि देशासाठी खेळून तिला हे चुकलं नाही, मग पंधरा दिवसांसाठी आलेल्या मुलाला ते चुकेल असं धरून चालू नका. आणि तुमच्या कुटुंबाच्या वाट्याला कौतुक आलं, तर रांग मोडून पुढे जाण्याचं आमंत्रण नम्रपणे नाकारा. गोऱ्या रंगामुळे मिळालेली सवलत मुलंही बघत असतात आणि त्यातून ती काहीतरी शिकत असतात.

निघण्याआधीची बैठक

सुटकेसा भरून झाल्या की एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसा. कोणते प्रश्न येतील आणि त्यांना कोण उत्तर देईल, हे ठरवायचं. माझ्या मते उत्तर देण्याचं काम मराठी जोडीदाराचं. ज्याला भाषा येते, माणसं कळतात, प्रश्नामागचा सूर ओळखता येतो, त्यानेच पुढे व्हायचं. आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला प्रत्येक चहाच्या टपरीवर स्वतःचा खुलासा करायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, तोही त्यांच्या सुट्टीत. अनेक मराठी जोडीदार अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालतात, कारण दोन्ही बाजूंना दुखवायचं नसतं. त्या गप्प राहण्याचा जोडीदाराला प्रश्नापेक्षा जास्त त्रास होतो.

उत्तरं तीन प्रकारची तयार ठेवा. पहिलं मोकळं, वेळ असेल आणि माणूस बरा वाटत असेल तेव्हाचं: "आम्ही मूळचे सांगलीचे, राहतो अटलांटाला. हे केनियाचे. मुलं तिथेच जन्मली. तुम्ही कुठले?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याने चौकशीच्या गप्पा होतात. दुसरं आखूड: "हो, आमचीच मुलं. चला, गाडी लागली." तिसरं दार लावणारं: "हा आमचा घरगुती विषय आहे." एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता, आणि दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. "लग्न कसं जमलं?", "घरचे तयार झाले का?", "ह्यांचा धर्म कोणता?", "पगार किती?" हे प्रश्न आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात कोणालाही विचारतात, त्यामुळे ते कानावर पडताच चिडण्याचं कारण नाही. मी एक साधी कसोटी लावते. प्रश्न तुमच्याकडे बघून तुम्हालाच विचारला असेल, तर ती चौकशी असते. तुमच्या देखत, तुमच्या डोक्यावरून दोघं आपापसात बोलत असतील, मूल जणू तिथे नाहीच अशा थाटात, तर तिथे मोकळं उत्तर द्यायची गरज नाही. उभे आहात तिथून निघा.

मुलांनाही शब्द द्या. "नको", "हात लावू नका", "आईला विचारा" एवढं मराठी चार वर्षांच्या मुलालाही पाठ होतं, आणि परक्याच्या भाषेतला नकार त्याला लगेच पोचतो. एक खूण ठरवा. हात दोनदा दाबला की "मला इथून जायचंय". खूण मिळाली की मोठ्यांनी कारण न विचारता निघायचं, चहा अर्धा राहिला तरी. एकदा जरी तुम्ही "थांब रे, काका काय म्हणतायत बघू" म्हणालात, तर ते मूल पुन्हा खूण करणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं वेगळं असतं. त्यांना कुठेच वेगळं दिसायचं नसतं. लक्ष्मी रोडच्या खरेदीला यायचं नसेल, तर त्यांना घरी राहू द्या. "चार शब्द मराठीत बोलून दाखव ना" हा हट्ट तर कोणत्याच वयाच्या मुलाकडे धरू नका, परक्यांपुढे मुळीच नको.

दुसरी बैठक फोनवर, इथल्या नातेवाइकांबरोबर. सुट्टीतलं सगळ्यात बोचरं वाक्य बहुधा घरातच ऐकू येतं. "धाकटी बरी आईच्या रंगावर गेली." "उन्हात नको पाठवूस, आणखी काळा पडेल." बोलणाऱ्या काकूंचा जीव असतो मुलावर, त्याच्यासाठी सकाळपासून पुरणपोळ्या लाटलेल्या असतात. तरी रंगाची तुलना करायची नाही हे त्यांना आधीच, गोड शब्दांत पण स्पष्ट सांगायला हवं. नातेवाइकांची मदत मात्र फार मोठी होऊ शकते. आजोबांनी चहाच्या टपरीवर "हे आमचे जावई, आणि ही आमची नात" अशी ओळख करून दिली, की सभोवतालचा सूर पालटतो. जावई म्हटल्यावर त्या माणसाला एक जागा मिळते, आणि बाकड्यावरचे लोक सरकून बसतात. आजोबांनी हे आपणहून करावं, कोणी विचारायची वाट बघू नये.

फोटो

सगळ्यात जास्त वेळा येणारी मागणी ही. गेटवे ऑफ इंडिया, जुहूची चौपाटी, कळंगुट, वेरूळ, रायगड, कुठेही गेलात तरी येणार. एका गटाला हो म्हटलं की मागे रांग लागते, आणि अर्ध्या तासाने मुलं रडवेली होतात. म्हणून नियम गाडीतून उतरण्यापूर्वी ठरवा आणि तो सगळ्यांना सारखाच लावा. मुलाचा फोटो मुलाच्या परवानगीशिवाय नाही. ज्या दिवशी ते नाही म्हणेल त्या दिवशी कोणालाच नाही, अगदी गोड बोलणाऱ्या आजींनाही नाही. "आज फोटो नकोत, मुलं दमली आहेत" हे वाक्य बहुतेक लोक मानतात. काही जण परवानगी न घेता बाजूला उभं राहून फोन उंचावतात. त्यांच्याकडे वळून हाताने नको अशी खूण करायची. फोन हिसकावणं, फोटो पुसायला लावण्यासाठी ओरडणं यातून भांडण वाढतं, आणि मुलाच्या लक्षात फोटोऐवजी भांडणच राहतं.

या बाबतीत गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सूचना काढली होती. इतर पर्यटकांचे, अनोळखी माणसांचे फोटो आणि सेल्फी त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका, विशेषतः ते समुद्रात पोहत असताना किंवा उन्हात पडलेले असताना. किनाऱ्यावर कोणी ऐकत नसेल तर या सूचनेचा उल्लेख करा. जीवरक्षक किंवा पर्यटक पोलीस जवळ असतील तर त्यांना सांगा.

हो कधी म्हणावं? माझा कौल शाळेच्या सहलींना. डिसेंबर-जानेवारीत अजिंठा-वेरूळला आणि किल्ल्यांवर सहलीच्या एस.टी. ओळीने उभ्या असतात. पाचवी-सहावीतली मुलं घोळका करून येतात आणि पाठ केलेल्या इंग्रजीत "व्हॉट इज युवर नेम?" विचारतात. तुमचं मूल त्यांच्याच वयाचं असतं. त्यांना आधी बोलू द्या, खेळ कोणता आवडतो, शाळेला सुट्टी कधी, हे होऊ द्या, आणि फोटो शेवटी. तुमच्या फोनवरही एक काढा आणि त्यांची नावं लिहून घ्या, म्हणजे तो फोटो तुमच्या मुलाच्याही मालकीचा होतो. माझ्या मावसबहिणीचे यजमान काळे अमेरिकन आहेत. त्यांच्या मुलाने अशा एका सहलीतल्या मुलांकडून लगोरी शिकून घेतली आणि परत गेल्यावर ती आपल्या गल्लीत चालू केली. बोलणं झाल्यावर काढलेल्या फोटोत दोन्हीकडची मुलं सारख्याच कारणाने हसत असतात.

केस, गाल, रंग

गाल ओढणं, कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढणं, हे आपल्याकडे सगळ्याच लेकरांच्या नशिबी असतं. मुलांना ते आधी सांगितलं, एकदा आजीकडून करवून घेतलं, तर बाजारात कोणी आजींनी केलं तरी घाबरायला होत नाही. केसांचं वेगळं आहे. आफ्रिकी वंशाच्या मुलांच्या दाट कुरळ्या केसांना, घट्ट घातलेल्या वेण्यांना लोक न विचारता हात लावतात, ओढून बघतात, "खरे आहेत का?" विचारतात. हे दिवसातून कितीदा तरी होऊ शकतं आणि ते थांबवायलाच हवं. मधे उभं राहा, मुलाला आपल्या मागे घ्या आणि म्हणा, "तिला आवडत नाही." एवढं पुरतं. "हिचे केस जरा वेगळे आहेत, काय करणार," अशी माफी मागण्याच्या सुरातली पुस्ती मात्र नको. आपल्या केसांबद्दल आई माफी मागते आहे, एवढंच मुलीला त्यातून कळतं.

तयारी म्हणून, तिच्या केसांना लागणारं तेल, कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा हे सगळं घरून आणा. बोअरवेलच्या जड पाण्याने आणि समुद्राच्या खारेपणाने असे केस लवकर कोरडे पडतात, आणि आपल्या नेहमीच्या पार्लरमध्ये ते विंचरायची सवय नसते. निघण्याआधी वेण्या घालून घेतल्या तर सुट्टीभर विंचरण्याचा त्रासही वाचतो आणि परक्यांच्या सल्ल्यांचाही. सनस्क्रीन सगळ्यांना लावा, सावळ्या-काळ्या मुलांनाही. आणि ते लावताना "काळं पडू नये म्हणून" असं म्हणू नका, "भाजू नये म्हणून" म्हणा.

कागद जवळ ठेवा

कुटुंबातली माणसं एकमेकांसारखी दिसत नसली, की नातं कागदावर सिद्ध करायची वेळ येते. हे अपमानकारक आहे, पण कागद जवळ असेल तर अपमान दोन मिनिटांत संपतो. विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्टच्या प्रती आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डं यांचा एक संच बॅगेत आणि दुसरा फोनमध्ये ठेवा. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांना घेऊन प्रवास करत असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. अमेरिकेचा सीमाशुल्क विभागही असं पत्र जवळ ठेवायला सुचवतो. आडनाव वेगळं असेल तर ते विसरूच नका.

तिकीट खिडकीवरचा वाद ठरलेला. अजिंठा, वेरूळ, घारापुरी इथे भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये असा दर आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, मग ती कोणत्याही देशाची असोत. मार्च २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना राष्ट्रीय स्मारकं, संग्रहालयं, अभयारण्यं इथे भारतीयांइतकंच शुल्क लागतं. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदारालाही, विवाहाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झाली असतील, तर हे कार्ड मागता येतं. खिडकीवरचा माणूस चेहरा बघून आकडा सांगतो. त्याच्याशी चेहऱ्यावरून वाद न घालता कार्ड पुढे करा. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हेही लक्षात असू द्या.

मुक्कामाचं ठरवताना फोनवर एक प्रश्न विचारा: "परदेशी पाहुण्यांची नोंदणी करता का?" परदेशी नागरिक उतरला की त्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. काही छोटी हॉटेलं ही नोंदणी करत नाहीत, म्हणून रात्री दहाला दारातून परत पाठवतात. दमलेल्या मुलांसमोर तो नकार "तुमच्या बाबांमुळे" असा ऐकू येतो. एका फोनने तो टळतो. नातेवाइकांच्या घरी उतरणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्या. देवळांचंही तसंच. पुरीचं जगन्नाथ मंदिर आणि केरळातलं गुरुवायूर इथे फक्त हिंदूंना प्रवेश आहे. दारात पोचल्यावर बाबांना बाहेर थांबवण्यापेक्षा अशी ठिकाणं आखणीतूनच वगळा. सगळ्यांना आत घेणारी देवळं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

आता थोडं अवघड बोलते. मूल रडत आहे, हात सोडवून घेत आहे, आणि त्याला धरणारा माणूस त्याच्यासारखा दिसत नाही. अशा वेळी जमाव काय समजेल? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता आणि अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. हा संशय केवळ आपल्याकडचा नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स विमानतळावर सिंडी मॅकेन यांनी एका बाईला तिच्याहून वेगळ्या वंशाच्या मुलाबरोबर बघून पोलिसांना कळवलं आणि मानवी तस्करी थांबवल्याचं सांगितलं. तसं काहीच नव्हतं, असं पोलिसांनी स्पष्ट केलं. म्हणून अनोळखी गावात, विशेषतः गर्दीच्या बाजारात, परदेशी जोडीदाराने मुलाला एकट्याने घेऊन लांब जाऊ नये. मूल हट्टाला पेटलं तर मराठी जोडीदाराने त्याला घ्यावं. एकटं जावंच लागलं, तर मुलाला बाबांना मोठ्याने "बाबा" म्हणायला सांगा, आणि फोनमध्ये सगळ्यांचा एकत्र फोटो उघडून ठेवा. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण न लिहिणं त्याहून वाईट.

उलट अमेरिकेत आजींना काळजी घ्यावी लागते. गोरट्या नातवाला बागेत नेणाऱ्या सावळ्या मराठी आजीला "तुम्ही इथे कामाला आहात का?" असं विचारणारे भेटतात. आजींनी "मी त्याची आजी" हे इंग्रजी वाक्य न अडखळता म्हणायला शिकावं, आणि मुलीचा नंबर जवळ ठेवावा. गाडीने लांबच्या प्रवासाला निघणार असाल तर नातवंडांना व्हिक्टर ग्रीनची गोष्ट सांगा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या या काळ्या पोस्टमनने काळ्या प्रवाशांसाठी १९३६पासून एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. कोणतं हॉटेल उतरू देईल, कोणता पेट्रोल पंप पेट्रोल देईल, याची तीत यादी असे. मग पुढचंही सांगा: व्हर्जिनियातल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांच्या खटल्यात १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या वंशांतल्या लग्नावरची बंदी रद्द केली. तिथल्या २०००च्या जनगणनेत पहिल्यांदा एकापेक्षा जास्त वंश नोंदवता आले. २०२०मध्ये तसे नोंदवणाऱ्यांची संख्या ३ कोटी ३८ लाख होती. आपल्यासारखी कुटुंबं किती आहेत, हे मुलांना आकड्यांत कळलं तर त्यांना बरं वाटतं.

मुलांना कुठे न्यावं

आफ्रिकी वंशाच्या मुलांना खुलताबादला न्या. तिथे मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याने तिथे नहरीने पाणी खेळवलं, गनिमी काव्याने मोगलांना जेरीला आणलं, आणि १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आपल्या मातीच्या इतिहासात बाबांसारखा दिसणारा माणूस आहे, हे मुलाने उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर मुरुडचा जंजिरा. हा क्रम सहेतुक आहे. जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता १९४८पर्यंत होती, आणि नावेतला गाइड सिद्दीची गोष्ट शिवाजी महाराजांचा शत्रू म्हणून सांगणार. ते खरंच आहे. पण काळ्या मुलाने आधी फक्त तेच ऐकलं तर त्याला अवघडल्यासारखं होतं. मलिक अंबर आधी माहीत असेल, पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरविरुद्ध महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल माहीत असेल, तर तेच मूल गाइडला प्रश्न विचारतं. जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात आणि पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जूनच्या सुट्टीत येणाऱ्यांनी हा बेत करू नये. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडे जाणार असाल तर तिथे सिद्दींची गावं आहेत. ते भारतीय आहेत, आणि त्यांनाही "कुठले?" हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागतो. त्यांचे फोटो न विचारता काढू नका. आपल्या मुलांसाठी केलेला नियम तिथे आपल्यालाही लागू आहे.

चिनी आजोळ असलेल्या मुलांसाठी सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. युद्धकाळात चीनमध्ये गेलेल्या या डॉक्टरांनी १९४१मध्ये ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. युरोपीय आई असलेल्या मुलांना ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या पत्नी शीलवतीबाईंबद्दल सांगा. जर्मन-ज्यू घरात एडिथ कोन म्हणून वाढलेल्या या बाईंनी मराठी इतकी आपलीशी केली की आपलं आत्मचरित्र मराठीतच लिहिलं.

हाताबाहेर जातंय असं वाटलं तर

टोमण्याला प्रतिटोमणा देऊ नका. दारू प्यालेला गट, शिवी, पाठलाग, यांपैकी काही दिसलं की कुटुंबाने एकत्र येऊन उजेडाच्या, दुकानाच्या, बायामाणसं असलेल्या जागी जायचं. दुकानदाराला थेट सांगायचं, "काका, इथे थोडं थांबू द्या, ती पोरं मागे लागली आहेत." असं मराठीत सांगितलं तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२, पर्यटकांसाठी १३६३, मुलांसाठी १०९८ हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत. मार्च २०१७मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले होते, त्यामुळे काळ्या जोडीदाराची भीती "तुला उगाच वाटतं" म्हणून उडवून लावू नका. त्याला एखादी जागा बरी वाटत नसेल तर तिथून निघा. रिक्षा-टॅक्सी अॅपवरून बोलवा, म्हणजे नकार तोंडावर येत नाही आणि गाडीचा क्रमांकही नोंदलेला राहतो. प्रवासात एखादा दिवस फक्त घरी, पत्ते खेळत घालवा. सतत बघितलं जाण्याचा शीण असतो, आणि तो मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर येतो. रोज रात्री त्यांना विचारा, आज काय आवडलं नाही. जे सांगतील त्याप्रमाणे उद्याचा बेत बदला.

आणि तुम्हीच ते अनोळखी प्रवासी असाल, समोरच्या बाकावर असं कुटुंब येऊन बसलं असेल, तर गप्पा जरूर मारा. आधी आपलं नाव-गाव सांगा, मग त्यांचं विचारा. मुलाबद्दल आई-वडिलांना विचारू नका, मुलालाच विचारा, आणि त्याच्या केसांऐवजी त्याच्या हातातल्या पुस्तकाबद्दल विचारा. डब्यातली चिक्की द्यायची असेल तर आधी आईकडे बघून "देऊ का?" म्हणा, कारण काही मुलांना शेंगदाणे चालत नाहीत.